प्लास्टिकचं लिंबू

ऑक्टोबरात आम्ही ॲनापोलिसला असतो.
पत्ता विचारलात तर एवढाच:
खाडीत, पुलाच्या अलीकडे, नांगरलेली हिरवट बोट,
एकतीस फूट, त्यातली राहण्याजोगी अठरा.
नावातली शेवटची दोन अक्षरं
खाऱ्या वाऱ्यानं खाल्लीत.

दोराच्या पायपुसण्या विणतो आम्ही, मी आणि कॉर्विन.
प्रदर्शनात दोन खुर्च्यांपुरती जागा घेतो भाड्यानं,
चार दिवस विकतो, पाचव्या दिवशी नांगर उचलतो,
आणि थंडीच्या एक पाऊल पुढे राहत
दक्षिणेला: नॉरफोक, ब्यूफर्ट,
मग फ्लोरिडातलं प्रदर्शन, तिथेही दोन खुर्च्या.
बावीस वर्षं.
पायपुसण्या घेणाऱ्यांच्या घराला दार असतं, दाराबाहेर जमीन.

समोर नव्या बोटींची रांग,
पाणी कधी अंगाला लागलंच नाही अशा.
प्रत्येकीच्या पायरीशी टोपली.
बूट तिच्यात काढायचे, मगच वर.
कॉर्विन वर्षातून एकदा जातो वर.
घ्यायला नाही, ते विकणाऱ्यालाही कळतं
त्याच्या मोज्यांकडे बघून.
नुसतं ताठ उभं राहायला.
आमच्याकडे बावीस वर्षं तो
मान वाकडी करून दात घासतोय.

यंदा शनिवारी गेला, तो आलाच नाही.
पाचचा भोंगा झाला.
लोक आपापल्या गाड्यांकडे पांगले,
धक्क्यावर तळलेल्या खेकड्याचा वास तेवढा उरला.
मी टोपल्या बघत निघाले.
शेवटून दुसरीत त्याचे बूट,
एका बुटाला नाडीऐवजी
मीच ओवलेली डांबरी सुतळी.

बावन्न फुटी बोट. आत दिवे.
तो ओट्याशी उभा, सगळे कप्पे सताड उघडे, सगळे रिकामे.
"आर्डिथ, कॉफीचा डबा कुठे हलवलास?"
हातात शोभेच्या वाडग्यातलं लिंबू.
नखानं सोलत होता.
साल निघत नव्हती.

विकणारी पोरगी कोपऱ्यात,
छातीवरच्या पट्टीवर नाव, डेलफीन.
अर्धा तास झाला, ती कुजबुजली,
मी कुणाला बोलावलं नाही.
ते म्हणाले बस, कॉफी करतो. मी बसले.

मी म्हटलं, डबा आपल्या बोटीवर आहे.
"आणि ही?"
तो ताठ उभा होता.
इतका उंच मी त्याला
घरात कधीच पाहिला नव्हता.

परतताना वल्ही त्यानंच मारली.
काळोखात, ओहोटीविरुद्ध, एकदाही मागे न बघता
नेमका आमच्या शिडीशी.
गाठ बांधली, ओढून पाहिली.
हातांचं काही विसरलेलं नाही.
आत शिरताना डोकं तुळईला आपटलं,
नेहमीच्याच जागी.
"हं," तो म्हणाला, "ही आपली."
मी हसले. मग सांडशी शोधायच्या निमित्तानं
बराच वेळ त्याच्याकडे पाठ करून राहिले.

आता पंगो नदीच्या मुखाशी थांबलोय, वाऱ्यासाठी.
कप्प्यांवर कागद चिकटवलेत मी:
कॉफी. काडेपेटी. गोळ्या, सकाळच्या.
त्यानं पाहिले, काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी तुळईवर एक कागद दिसला,
त्याच्या तिरप्या अक्षरात: डोकं.

लिंबू त्याच्या कोटाच्या खिशात आलं होतं.
फळीवर ठेवलंय.
लाट आली की या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळतं,
रात्री मला जाग येते ती त्यानं.
परत द्यायला हवं ते डेलफीनला,
पुढच्या ऑक्टोबरात,
आलो तर.